चौघांच्या घरातली तळणी: आधी कढई, मग झारा, टोपली शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: खानापूरजवळ घर, माणसं चार. गॅसची शेगडी आहे, इंडक्शनही आहे. एरवी तळण फारसं होत नाही, पण आषाढात, गणपतीत आणि दिवाळीला बरंच होतं, आणि पाहुणे आले की दहा-बारा जणांच्या पुऱ्या लागतात. ऑनलाइन स्टीलचं खोल भांडं आणि त्यात बसणारी जाळीची टोपली असा संच पाहिला आहे. तो घ्यावा, की नुसती टोपली घेऊन घरच्या कढईत वापरावी? सोबत आणखी काय लागतं?

ताई, मी बेळगावात बरीच वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते, आणि नव्यानं संसार मांडणाऱ्या मुली हाच प्रश्न याच क्रमानं विचारतात. टोपलीचा विचार सगळ्यात शेवटी करा. आपल्या घरांत जे तळलं जातं त्यातलं बहुतेक काही टोपलीत तळताच येत नाही. भज्याचं पीठ जाळीत सोडलं की ते तारेभोवतीच आवळून बसतं, काढताना निम्मं भजं तारेला राहतं. पुरीला फुगायला मोकळी जागा लागते आणि वरून झाऱ्यानं हलकं दाबावं लागतं. करंजी एकेक करून हळूच उलटायची असते. अनारसा तर उलटायचाच नसतो, खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्यानं त्याच्यावर तूप उडवत राहायचं. यांतलं एकही काम टोपलीनं होत नाही. ती बटाट्याच्या लांब कापांसाठी बनलेली वस्तू आहे: तुकडे बाहेरून कोरडे, आकार सारखा, सगळे एकदम आत आणि एकदम बाहेर.

तरीही एका कामाला जाळीवाचून इलाज नाही, ते म्हणजे तळलेल्या पोह्यांचा चिवडा. जाडे पोहे गरम तेलात काही सेकंदांत फुलतात आणि तेवढ्याच वेगानं लाल होतात. कढईत मोकळे सोडले तर झाऱ्यानं गोळा करेपर्यंत निम्मे करपतात. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, काजू, कढीपत्ता यांचंही तेच, आणि प्रत्येकाला वेळ वेगळा लागतो. डिंक तळायचा झाला तरी जाळीच हवी. गोकाकच्या करदंटासारखं, म्हणजे डिंक-सुक्या मेव्याच्या वडीसारखं, काही घरी करायचं मनात असेल तर डिंक मधोमध कच्चा न राहता फुलला पाहिजे, आणि फुलल्या क्षणी सगळा एकदम बाहेर आला पाहिजे. पण या कामांना मोठी सपाट बुडाची टोपली नको. १४ ते १६ सेंटीमीटर तोंडाची, गोल बुडाची, बारीक जाळीची, लांब दांड्याची खोलगट गाळणी पुरते. ती कुठल्याही कढईत बुडते, पोहे निसटत नाहीत, आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगता येते. तुम्हाला टोपली म्हणून जी गरज वाटते आहे ती बहुधा एवढीच आहे.

आता कढई, कारण तळण जमणं न जमणं इथेच ठरतं. पदार्थ तेल पितो तो बहुतेक वेळा तेल थंड पडल्यामुळे. चांगल्या तापलेल्या तेलात घाणा सोडला की पदार्थातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोरात बाहेर पडते, आणि ती बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. तेल थंड असेल तर कवच धरायला उशीर होतो, पदार्थ जास्त वेळ तेलात राहतो, आणि बाहेर काढल्यावर निवताना पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेतो. १८० अंशांवर असलेल्या लिटरभर तेलात आठ-दहा गार भजी एकदम सोडली तर तापमान सहज २० ते ३० अंशांनी उतरतं. हा उतार कमीत कमी ठेवणं आणि तेल लवकर पुन्हा वर आणणं, यासाठी भांडं निवडायचं. चकाकी, झाकणाची काच, दांड्याचा रंग या गोष्टी त्यानंतर.

म्हणून कढईला वजन हवं. साधारण ३ किलोची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कढई जेवढी उष्णता धरून ठेवते ती जवळजवळ पाऊण लिटर तेलाइतकी असते. म्हणजे लिटरभर तेल ओतून तुम्ही पावणेदोन लिटर तेलाची स्थिरता मिळवता, वरच्या तेलाचा खर्च न करता. पुऱ्या, वडे, भजी अशा घाण्यामागून घाणा काढायच्या पदार्थांना याचा फार उपयोग होतो. उलट बाजूही सांगते. बीड तापायला वेळ लावतं आणि निवायलाही. शंकरपाळी किंवा करंजी मंद आचेवर तळताना तेल जास्त तापलं तर गॅस बारीक करूनही कढई बराच वेळ ऐकत नाही. तेव्हा बिडाच्या कढईत तेल तापत असतानाच, हवं त्याच्या थोडं आधी, आच कमी करायची सवय लावावी लागते.

दुसरी गोष्ट, बीड ठिसूळ असतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारं कुणी घरात असेल तर त्यांना हे सांगायची गरज नाही. गरम कढईवर गार पाणी ओतलं किंवा ती फरशीवर आपटली की तडकते, आणि तडा बारीक असला तरी ती कढई तळणाला पुन्हा वापरायची नाही. ठोकलेल्या जाड पत्र्याची लोखंडी कढई तडकत नाही, बिडाहून हलकी असते, आणि आपल्याकडे आठवड्याच्या बाजारात मिळते. माझं मत विचाराल तर चौघांच्या घराला हीच सगळ्यात सोयीची. घेताना आतून हात फिरवून बघा, ठोके एकसारखे हवेत, कान पक्के हवेत, आणि कढई शेगडीवर ठेवून एका कानावर बोटानं दाबलं तर ती कलंडता कामा नये. अगदी गोल बुडाची कढई गॅसच्या स्टँडवर डुगडुगते. बुडाला चार बोटं सपाट जागा असलेली घ्या, नाहीतर कड्यासारखं वेगळं स्टँड मिळतं ते सोबत घ्या.

नवीन लोखंडी कढईवर गंज धरू नये म्हणून तेल किंवा मेणासारखा थर दिलेला असतो. तो साबण आणि घासणीनं पूर्ण काढा, शेगडीवर कोरडी करा, आणि खाण्याच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा. निवली की पुन्हा एकदा, मग आणखी एकदा. तळण करत गेलात की ती आपोआप काळी, गुळगुळीत होते. आपल्या पावसाळ्यात ओली राहिलेली कढई रात्रीत गंजते, म्हणून धुतल्यावर शेगडीवर कोरडी करून तेलाचं बोट फिरवायचंच.

बाकीचे धातू भराभर सांगते. जाड हिंडालियम, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू, तळणाला चांगलं, उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि आच कमी केली की लगेच निवतं. करंज्या-शंकरपाळ्यांना ते लोखंडापेक्षा सोपं पडतं. पातळ अ‍ॅल्युमिनियम घेऊ नका. एकपदरी पातळ स्टीलची कढई तर तळणासाठी सगळ्यात वाईट, बर्नरच्या वर्तुळावर तेल जळतं आणि कडेला कोमट राहतं. ट्रायप्लाय स्टील, म्हणजे दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियम, हे मात्र चांगलं. नॉनस्टिकमध्ये तळण करू नये. ते अस्तर साधारण २६० अंशांनंतर खराब होऊ लागतं आणि मोठ्या आचेवर तेल विसरलं तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही.

पितळी कढईबद्दल थोडं जास्त, कारण आपल्याकडे पुष्कळ घरांत आजेसासूबाईंची पितळी कढई माळ्यावर असते आणि ती काढावीशी वाटते. काढा, पण आधी कल्हई करून घ्या. पितळेत तांबं असतं आणि उघड्या तांब्याशी गरम तेलाचा संबंध आला की तेल लवकर खवट होतं. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. तळणाच्या १८० अंशांना ते टिकतं, पण रिकामी कढई मोठ्या आचेवर ठेवून तेल शोधायला गेलात तर कल्हई जागेवरच पघळते. पितळी कढईत आधी तेल ओतायचं, मग गॅस लावायचा.

इंडक्शनवर तळण टाळा. त्यावर दिसणारा तापमानाचा आकडा काचेखालच्या सेन्सरचा असतो, तेलाचा नसतो. तरी कधी करावंच लागलं तर सपाट बुडाची आणि चुंबक चिकटणारी कढई हवी. हिंडालियम, पितळ तिथे चालत नाही.

आकाराचं गणित पाहू. तोंडाशी २६ सेंटीमीटर रुंद आणि मध्ये ८ सेंटीमीटर खोल अशी गोल कढई घेतली, तर मधोमध ५ सेंटीमीटर तेलासाठी सुमारे १ लिटर तेल लागतं, आणि वर तळायला २२ सेंटीमीटर रुंद जागा मिळते. तेवढीच रुंदी आणि तेवढंच खोल तेल उभ्या भिंतीच्या पातेल्यात हवं असेल तर सुमारे १.९ लिटर ओतावं लागतं. हा फरक जवळजवळ दुप्पट आहे. घरच्या तळणाला कढईच का, याचं उत्तर या हिशेबात आहे, आणि तुम्ही पाहिलेल्या संचाची अडचणही. शिवाय कढईच्या पसरट कडांमुळे फेस वर आला तरी त्याला पसरायला जागा मिळते, उभ्या भांड्यात तो सरळ काठावर येतो.

२६ सेंटीमीटरची कढई चौघांना पुरते, आणि पाहुण्यांच्या पुऱ्यांनाही पुरते. पुरी एका मिनिटाच्या आत होते, एकावेळी एक-दोनच सोडायच्या असतात, त्यामुळे तिथे वेग लाटणारीच्या हातात असतो. ३२ सेंटीमीटरची मोठी कढई सणासाठी म्हणून विकत घेऊ नका. तिला पावणेदोन लिटरच्या पुढे तेल लागतं, आणि घरच्या बर्नरला एवढं तेल प्रत्येक घाण्यानंतर वर आणता येत नाही. लहान कढईत लहान घाणे काढले तर दिवाळीचा फराळ उलट लवकर आणि कोरडा होतो. वर्षातून एकदा लागलीच तर भाऊबंदांत, शेजारी कुणाकडे तरी मोठी कढई असतेच.

आता तो टोपलीचा संच घ्यायचाच असेल, मुलांना बटाट्याचे काप फार लागत असतील, तर काय पाहायचं ते सांगते. घरच्या गोल कढईत सपाट बुडाची टोपली बसत नाही. ती वरच्या कडेला अडकते आणि सगळ्यात खोल तेल तिच्या खाली वाया जातं. म्हणून नुसती टोपली घेऊ नका, भांड्यासोबतच घ्या. भांडं १८ सेंटीमीटर रुंद आणि निदान १२ सेंटीमीटर उंच असलं तर ५ सेंटीमीटर तेलाला सव्वा लिटरच्या आसपास लागेल, आणि वर निम्म्याहून जास्त उंची मोकळी राहील. ती मोकळी जागा महत्त्वाची आहे. गार, ओलसर काप एकदम आत गेले की तेल फसफसून बरंच वर चढतं. टोपली भांड्याच्या भिंतीपासून सगळीकडे बोटभर सुटी हवी आणि तिचं बूड तळापासून एखादा सेंटीमीटर वर राहायला हवं, म्हणजे खाली पडलेली कणी तापत राहिली तरी पदार्थाला लागत नाही. भांड्याच्या काठाला अडकवून टोपली निथळत ठेवण्यासाठी आकडा हवा. तो नसेल तर हात दुखेपर्यंत टोपली धरून उभं राहावं लागतं आणि मग ती अर्धवट निथळलेलीच काढली जाते.

जाळीची तार हातानं तपासा. तारांची टोकं काठाच्या कड्यात पूर्ण दाबलेली हवीत, कुठे टोचलं तर ती टोपली नको. मुलामा दिलेली चकचकीत लोखंडी जाळी स्वस्त मिळते, पण काही महिन्यांत मुलामा सोलायला लागतो. स्टीलचीच घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, पण तारेच्या बाबतीत ती परीक्षा खात्रीची नाही, कारण चांगल्या प्रतीचं स्टीलही तार ओढताना थोडं चुंबकाला ओढ घ्यायला लागतं. सांधे आणि वजन यांवर जास्त विश्वास ठेवा.

विजेवर चालणारी तळणी मी चौघांच्या घराला सुचवणार नाही. तेल पुष्कळ लागतं, तोंड अरुंद असतं, आणि अशा बऱ्याच यंत्रांना १,५०० वॅटच्या पुढे वीज लागते, म्हणजे साधं ६ अँपिअरचं सॉकेट चालत नाही.

गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात भांडी घ्यायला गेलात तर कढईवर जेवढा वेळ घालवाल तेवढाच झाऱ्यावर घालवा. झारा दोन प्रकारचा हवा. एक सपाट, छिद्रांचा, पुरी दाबायला आणि करंजी उलटायला. दुसरा तारेचा, किंचित खोलगट, भजी-वडे उचलायला, कारण त्यातून तेल झटकन गळतं. दांडा निदान एक फुटाचा आणि भरीव हवा. पोकळ दांड्याला टोकाशी भोक किंवा सुटा सांधा असेल तर धुताना पाणी आत शिरतं, आणि पुढच्या वेळी तेच पाणी गरम तेलात उतरून चेहऱ्यावर उडतं. असा झारा कितीही देखणा असला तरी परत ठेवा. पापड, कुरड्यांना लांब चिमटा लागतो. कढई उचलायला सांडशी असतेच, पण गरम तेलानं भरलेली कढई सांडशीनं उचलायची नाही, तेल निवेपर्यंत ती शेगडीवरच राहू द्या.

सोऱ्या पितळी, स्क्रूचा घ्या. दाब सारखा येतो आणि चकलीचं काटेरी तोंड बरीच वर्षं बोथट होत नाही. शेव थेट तेलावर पाडताना हात वाफेत असतो, तिथे ढिलं झाकण असलेला सोऱ्या धोक्याचा.

थर्मामीटर बहुतेक घरांत नसतो, आणि माझ्या मते कढईनंतर पैसे घालावेत ते त्यातच. काठाला अडकवायची चिमटी असलेला, २५० अंशांपर्यंत दाखवणारा घ्या. टोक तेलात बुडलेलं हवं, पण कढईच्या तळाला टेकलेलं नको. आणल्यावर उकळत्या पाण्यात धरून तपासा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० अंशांना नव्हे तर ९७.५ अंशांच्या आसपास उकळतं. तुमच्याकडेही फार फरक नसेल. काट्यानं ९७ किंवा ९८ दाखवलं तर तो बरोबर आहे, बिघडला म्हणून परत करू नका. लांबून नेम धरायच्या थर्मामीटरला फक्त वरच्या थराचं तापमान कळतं, तो वापरायचा तर आधी तेल ढवळून घ्या.

मी पुरी १८५ ते १९० अंशांवर तळते, भजी आणि वडे १७० ते १८०, करंजी आणि शंकरपाळी १५० ते १६०, अनारसे १४० ते १५०. चकली १७० ला सोडायची आणि बुडबुडे कमी व्हायला लागले की १५५ पर्यंत उतरवायची. सरसकट मोठ्या आचेवर तळली तर वरून लाल आणि आत मऊ राहते, दुसऱ्या दिवशी वातड होते. आषाढातल्या कापण्यांचंही असंच. थर्मामीटर नसेल तेव्हा पिठाची गोळी टाकून बघायची रीत चांगलीच आहे: तळाशी थांबून सावकाश वर आली तर करंजीचं तेल, टाकल्याबरोबर वर आली तर पुरीचं. काही महिने दोन्ही शेजारी ठेवून बघा, मग डोळाच सांगायला लागतो.

तळलेलं काढून रद्दीवर ठेवायची सवय मात्र सोडा. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थाला लागते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ ठेवू नयेत असं २०१६ सालीच सांगितलं आहे. शिवाय कागदावर पदार्थाखाली वाफ कोंडते आणि खालची बाजू मऊ पडते. परातीवर पाय असलेली स्टीलची जाळी ठेवा आणि पदार्थ एका थरात पसरा. चकल्या पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका.

कढईवर नीट बसेल असं एक सपाट स्टीलचं झाकण तळणाच्या वेळी हाताशी असू द्या. तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करायचा आणि झाकण बाजूनं सरकवत कढईवर टाकायचं, पाणी कधीच ओतायचं नाही. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडवतं. तेलातून धूर निघायला लागला हीच आधीची सूचना समजा. घाण्याचं, न गाळलेलं शेंगदाणा तेल साधारण १६० अंशांच्या आसपासच धुरायला लागतं. ते फोडणीला उत्तम, पण पुऱ्यांना रिफाइंड तेलच घ्या, ते २०० च्या बरंच पुढे टिकतं.

तळण संपल्यावर तेल लोखंडी कढईत रात्रभर ठेवू नका, लोखंडामुळेही ते लवकर खराब होतं. कोमट झालं की बारीक गाळणीवर सुती फडकं टाकून गाळा, तळाचा काळा गाळ टाकून द्या, आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात अंधारात ठेवा. हॉटेलं आणि दुकानांसाठी १ जुलै २०१८ पासून नियम आहे की तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडताना तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते तळायला वापरायचं नाही. घरी ते मोजायचं साधन नसतं, पण तेल दाट झालं, फेस बसेनासा झाला, किंवा नेहमीच्या आधीच धुरायला लागलं की ते संपलं असं धरा. मासे किंवा मिरची भजी तळलेलं तेल करंज्यांना वापरू नका, वास धरतो. उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही. बाटलीत भरून ठेवा, जवळपास कुणी जुनं तेल गोळा करत असेल तर द्या, नाहीतर भुश्श्यात किंवा मातीत जिरवून कचऱ्यात टाका.

चिवड्याची गाळणी धुताना घासणीपेक्षा जुना दात घासायचा ब्रश चांगला. गरम पाण्यात साबण किंवा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवा, दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवा, आणि उन्हात पूर्ण वाळवा. जाळीच्या सांध्यात थेंबभर पाणी राहिलं तरी पुढच्या वेळी पोह्यांआधी तेच तेलात तडतडतं.